कृतज्ञतेची वही आठ दिवसांत का बंद पडते, आणि ती चालू कशी ठेवायची

तलावपाळी (धागाकर्ता)

पाडव्याला वही आणली जाते. रोज रात्री "आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं" असं वर लिहून खाली तीन ओळी लिहायच्या, असं ठरतं. पहिल्या दिवशी घर, तब्येत, मुलं. दुसऱ्या दिवशी मुलं, घर, सकाळचा चहा. आठवा दिवस उजाडेपर्यंत वही उशाशी नुसती पडलेली असते आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं. म्हणून हा धागा. वही बंद पडते ती बहुतेक वेळा लिहिण्याच्या पद्धतीमुळे, आणि पद्धत सुधारता येते.

पहिली चूक ओळीतच असते. "घर आहे" ही ओळ खरी आहे, पण तिच्यात माणूस नाही आणि कोणी काही केलेलंही नाही. मोघम ओळीला मन दाद देत नाही. एखाद्याच्या मदतीबद्दल आपल्याला किती कृतज्ञ वाटेल हे तीन गोष्टींवर ठरतं, असं टेसर, गेटवुड आणि ड्रायव्हर या संशोधकांनी १९६८ सालीच दाखवलं होतं: समोरच्याने ते मुद्दाम आपल्यासाठी केलं का, त्याला त्याची झळ किती बसली आणि आपल्याला त्याचा उपयोग किती झाला. वहीतली ओळ याच तीन अंगांनी लिहायची. कोणी केलं, नेमकं काय केलं, त्यात त्यांचं काय गेलं, आपलं काय सोपं झालं.

उदाहरण घेऊ. कच्ची ओळ अशी असते:

"सोसायटीत पाणी वेळेवर आलं, बरं वाटलं."

तीच ओळ पक्की केली की अशी होते:

"मंगळवारी रात्री पंप बंद पडला. वॉचमन काकांनी अकराला प्लंबरला फोन करून बोलावलं आणि दीड वाजेपर्यंत टॉर्च धरून उभे राहिले. त्यांची ड्युटी दहालाच संपली होती. सकाळी साडेपाचला डबा करायला घेतला तेव्हा नळाला पाणी होतं."

दुसरी ओळ लिहायला तीन मिनिटं लागतात. पण ती लिहिताना टॉर्च धरलेला हात डोळ्यासमोर येतो, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर त्या काकांकडे बघण्याची आपली नजर बदलते. वहीचा सगळा उपयोग त्या नजरेत आहे.

सामान फार लागत नाही. शंभर पानी लहान वही, दोऱ्याने बांधलेलं पेन. आठवड्याला एक पान, त्यावर तीन ते पाच नोंदी, वेळ पंधरा-वीस मिनिटं. जागा ठरलेली हवी, वार ठरलेला हवा. जेवणानंतर बसू नये, झोप येते आणि ओळी पुन्हा मोघम होतात. शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी, जेवणाआधी बसलेलं चांगलं.

आठवडाभरातल्या गोष्टी शनिवारपर्यंत आठवत नाहीत, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय स्वयंपाकघराच्या भिंतीवरच टांगलेला असतो. दूध, गॅसचा नंबर, कामाच्या ताईंचे खाडे आपण दिनदर्शिकेच्या चौकटीत मांडतोच. त्याच चौकटीत, त्या त्या दिवशी, एकच शब्द टाकायचा: "पंप", "रिक्षा", "औषध". शनिवारी त्या शब्दांवरून ओळी उलगडायच्या. एखादी चौकट रिकामी राहिली तर राहू दे, उगाच शब्द कोंबू नये.

ऐरोलीकर

छान धागा. पण रोज की आठवड्यातून एकदा? सगळीकडे रोज लिहा असंच वाचायला मिळतं.

तलावपाळी (धागाकर्ता)

दोन्हींना आधार आहे, म्हणूनच गोंधळ होतो.

एमन्स आणि मॅककलो यांचा २००३ चा अभ्यास या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जातो. त्यात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. एका गटाने चांगल्या गोष्टी लिहिल्या, एकाने कटकटी, एकाने नुसत्या घडामोडी. चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आयुष्य एकंदरीत जास्त बरं वाटलं. २००५ मध्ये ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे दोन गट केले. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. रोज-रोज तेच ते केलं की ते गृहपाठ होतं, आणि सवयीच्या गोष्टीला धार राहत नाही.

दुसऱ्या बाजूला, सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच लोकांना फक्त एक आठवडा, रोज रात्री तीन चांगल्या घडलेल्या गोष्टी आणि प्रत्येक गोष्ट *का* घडली हे लिहायला सांगितलं. त्याचा फायदा सहा महिन्यांनंतरही दिसत होता. ज्यांनी आठवडा संपल्यावर आपण होऊन पुढे चालू ठेवलं त्यांना जास्त.

मला दोन्हींचा मेळ पटतो. पहिले सात दिवस रोज, "का घडलं" सकट, म्हणजे नजर तयार होते. आठव्या दिवसापासून आठवड्यातून एकदाच. "का" हा शब्द मात्र सोडायचा नाही. "बस वेळेवर मिळाली" याचं "का" शोधायला गेलं की कळतं, कंडक्टरने मागून पळत येणाऱ्यांकडे बघून घंटी दोन सेकंद उशिरा वाजवली होती.

पारसिक

एक गोष्ट आपल्या भाषेची. आपल्याकडे घरात "धन्यवाद" म्हटलं की समोरचा दचकतो. सुनेने सासूबाईंना "आभारी आहे" म्हटलं तर त्या विचारतील, "काय झालं, रागावलीस का?" घरच्या माणसाचे आभार मानले की त्याला परकं केल्यासारखं होतं. इंग्रजीतल्या पुस्तकांचे सल्ले इथे जसेच्या तसे लावले की ते नाटकी वाटतात आणि माणूस दोन दिवसांत सोडून देतो.

मराठीत कृतज्ञतेचा खरा शब्द "जाणीव" आहे. जाणीव ठेवणं म्हणजे केलेलं ध्यानात आहे हे दिसू देणं. त्याची वाक्यं साधी असतात आणि त्यात आभार हा शब्द येतच नाही. "आज भाजीला जरा वेगळी फोडणी दिलीस ना, कळलं." "बाबा, तुम्ही काल बँकेत दोन तास रांगेत उभे राहिलात, माझी रजा वाचली." "वहिनी, तुम्ही होतात म्हणून निभावलं." यात काम नाव घेऊन सांगितलं आहे, ते पाहिल्याची खूण आहे, आणि समोरच्याला उत्तर द्यायचं ओझं नाही. बाहेरच्या माणसाला "धन्यवाद" चालतो, पण तिथेही पुढे एक अर्धं वाक्य जोडावं. रिक्षावाल्या दादांना नुसतं "थँक्यू" म्हणण्यापेक्षा "गल्लीच्या आत आणून सोडलंत, बरं झालं, गुडघा दुखतोय" हे जास्त पोचतं.

आणि जुन्या रीती वहीपेक्षा टिकाऊ आहेत. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. पंगत उठताना "अन्नदाता सुखी भव" म्हणायचं. खंडेनवमीला शिवणयंत्र, पाना, गाडी, वह्या-पुस्तकं पुसून हळद-कुंकू लावायचं. सकाळी पाय खाली टेकवण्याआधी धरणीची क्षमा मागायची. यातली एक निवडा आणि जाणतेपणाने करा. वाटीचं उदाहरण घ्या. ती दोन दिवसांत परत गेली पाहिजे, आठ दिवस ओट्यावर पडली की विसरली जाते. तिच्यात घातलेलं फार भारी नको, नाहीतर शेजारीण पुढच्या वेळी काही पाठवताना विचार करेल की आता यांना परतफेड करावी लागेल. थोडं, ताजं, आणि सोबत एक वाक्य: "अळूवडी खुसखुशीत झाली होती, मुलांनी भांडून खाल्ली."

नेरूळ पूर्व

माणसं नजरेसमोर असतात त्यांची जाणीव ठेवणं सोपं आहे. न दिसणाऱ्यांसाठी एक व्यायाम सुचवतो. एक कोरा कागद, वीस मिनिटं, विषय पाणी.

नवी मुंबई महापालिका हद्दीतल्यांनी खालून वर लिहीत जायचं. नळ. गच्चीवरची टाकी. पंप. तळटाकी. नोडमधला, म्हणजे आपल्या उपनगरातला, जलकुंभ. मुख्य जलवाहिनी. भोकरपाड्याचं जलशुद्धीकरण केंद्र. खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण, धावरी नदीवरचं. ठाणेकरांचं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण पाणी एकाच वाटेने येत नाही: महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीचं पाणी पिसे इथे उचलून टेमघरला शुद्ध करते, शिवाय स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी मिळतं. आपल्या भागाला कुठलं येतं हे सोसायटीच्या ऑफिसात किंवा वॉर्ड ऑफिसात विचारायचं. विचारायला जाणं हाच व्यायामाचा निम्मा भाग आहे.

मग प्रत्येक टप्प्यापुढे माणूस लिहायचा. टाकीत उतरून गाळ काढणारे. पहाटे पंप लावणारे. व्हॉल्व्हमन, जे ठरल्या वेळी चावी फिरवतात म्हणून सेक्टरला पाणी येतं. केंद्रावर क्लोरीनची मात्रा बघणारे रात्रपाळीचे कर्मचारी. शेवटच्या टप्प्यावर, ज्यांची जमीन धरणाखाली गेली ती गावं.

यात चूक अशी होते की कागद भूगोलाचा होतो. म्हणून आठवड्याला एकच टप्पा धरायचा आणि त्याला साजेसं एक काम करायचं. टाकीचा आठवडा असेल तर: टाकी साफ करणाऱ्यांना आत उतरण्याआधी झाकण उघडून हवा खेळू देण्याइतका वेळ मिळतोय ना, वर एक माणूस थांबतोय ना, काम झाल्यावर हातपाय धुवायला साबण आणि प्यायला चहा मिळतोय ना, हे सोसायटीतल्या कोणीतरी उभं राहून बघायचं. पंपाचा आठवडा असेल तर टाकी भरून वाहताना दिसली की लगेच पंप बंद करायला सांगायचं.

नवी मुंबईत जमिनीचाही असा कागद करता येतो. १९७० साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी घरांनी ती दिली, आणि सहज दिली नाही. १९८४ च्या जानेवारीत उरण भागातल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं धोरण आलं. आपल्या सेक्टरला लागून जे मूळ गाव आहे त्याचं नाव, त्याच्या ग्रामदैवताचं नाव, जत्रेची तिथी एवढं तरी रहिवाशाला ठाऊक असावं. गावातून जाताना हॉर्न न वाजवणं, कोळीण मावशींशी मासळीच्या भावात उगाच घासाघीस न करणं, हे त्याच जाणिवेतून यावं असं मला मनापासून वाटतं.

सकाळची लोकल

लिहायला वेळच नाही अशांसाठी, प्रवासात करायची पद्धत. हिला "वजा करून बघणं" म्हणू. कू, अल्गो, विल्सन आणि गिल्बर्ट यांच्या २००८ च्या अभ्यासात लोकांना एखादी चांगली गोष्ट "घडलीच नसती तर" असं लिहायला सांगितलं, तेव्हा ती "कशी घडली" हे लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त बरं वाटलं. लोकांना आधी विचारलं तर ते नेमका उलटा अंदाज करतात, म्हणून ही पद्धत कोणी आपण होऊन करत नाही.

ठाणे ते रबाळे एवढं अंतर पुरतं. ट्रेन सुटली की एक गोष्ट धरायची, तिच्या मागच्या दोन-तीन कड्या काढून टाकायच्या. समजा, ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून थेट वाशीकडे जाणारी लोकल, धरली. २००४ च्या आधी ही गाडीच नव्हती. लोकलने वाशीला जायचं तर ठाण्याहून कुर्ला, तिथे पूल चढून हार्बरची गाडी, पुन्हा उलटं. नाहीतर बसने कळव्याच्या पुलावरून. आता त्या वाटेने निघाल्यावर आजचा दिवस कसा गेला असता ते तपशिलात बघायचं: किती वाजता निघावं लागलं असतं, मुलांना शाळेत कोणी सोडलं असतं, ही नोकरी धरली असती का. मग डोळे उघडून डब्यात परत यायचं. बस, एवढंच. तीन-चार मिनिटं.

दोन सावधगिरी. एक, "इतरांपेक्षा आपलं बरं" या वाटेला जायचं नाही. दारात लोंबकळणाऱ्याकडे बघून आपल्याला सीट मिळाल्याचा आनंद मानणं ही तुलना झाली, ती लवकर विरते आणि मन कोतं करते. दोन, ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलंय किंवा कोणी आजारी आहे त्यांनी माणसं वजा करून बघू नयेत. त्यातून भीतीच वाढते. त्यांनी वस्तू आणि सोयींपुरतंच ठेवावं.

रविवारच्या मेगाब्लॉकला चिडचिड होते, ती स्वाभाविक आहे. पण त्या दिवशी रुळांवर नारिंगी जाकिटं घालून खडी सारखी करणारी माणसं दिसतात. इतर दिवशी ती रात्री काम करतात म्हणून दिसत नाहीत. दिनदर्शिकेतल्या रविवारच्या चौकटीसाठी शब्द तयार मिळतो.

कोपरीकर

मला या सगळ्यावर एक आक्षेप घ्यायचा आहे. "जाणीव ठेव" हे वाक्य आपल्याकडे चाबकासारखं वापरलं जातं. सुनेला, भाड्याने राहणाऱ्याला, कामाच्या ताईंना, कंत्राटी कामगाराला. ज्याच्या हातात जास्त आहे तो कमी असलेल्याला सांगतो की तू कृतज्ञ राहा. आणि सफाई कामगारांना फुलं देऊन फोटो काढायचे, पण पगार दोन-दोन महिने अडकला तरी कोणी विचारायचं नाही. अशी कृतज्ञता नसलेली बरी.

नेरूळ पूर्व

कोपरीकर, शंभर टक्के सहमत. म्हणून एक नियम पाळावा: कृतज्ञता आपण आपल्याकडूनच मागायची, दुसऱ्याकडून कधीच नाही. आणि ती वरून खाली वाहिली पाहिजे. ज्याला जास्त मिळालं त्याने आधी.

तुम्ही सफाईचा विषय काढलात तर तिथे काय करता येतं ते नेमकं लिहितो, कारण इथे शब्दांपेक्षा हात जास्त बोलतात.

कचरा वेचणाऱ्याचा हात डब्यात जातो, हे डोळ्यासमोर ठेवून कचरा बांधायचा. ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात. फुटलेली काच तशीच टाकली की पिशवी फाडून तळहातात घुसते. ती आधी वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळायची, मग जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात घालायची, खोक्याला चिकटपट्टी लावायची आणि वर ठळक मार्करने "काच" लिहायचं. शक्य असेल तर डब्यात न टाकता ताईंच्या किंवा दादांच्या हातात देऊन सांगायचं. ब्लेड, इन्शुलिनच्या सुया झाकण घट्ट बसणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवायच्या, बरणी भरली की तिच्यावरही लिहायचं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करून वेगळे द्यायचे, म्हणजे वेगळे करताना त्यांना उघडून बघावं लागत नाही. ओल्या कचऱ्यातलं पाणी निथळून घ्यायचं. आमटीसकट पिशवी बांधली की ती जिन्यात गळते आणि पुसायचं कामही त्यांच्यावरच येतं.

दुसरं, नाव. मजल्यावर रोज येणाऱ्या माणसाचं नाव घरातल्या लहान मुलासकट सगळ्यांना ठाऊक हवं, आणि हाक नावाला ताई, दादा, मावशी जोडून मारायची. "ए कचरा" ही हाक बंद.

तिसरं, दिवाळीची पोस्त. पोस्त हक्काची आहे, उपकाराची नाही, ती त्या भावनेने द्यावी. घरकामाच्या ताईंना एका महिन्याचा पगार ही पुष्कळ घरांतली रीत आहे. धनत्रयोदशीच्या चार-पाच दिवस आधी द्यावी, म्हणजे त्यांची खरेदी वेळेत होते. पाडव्याला दिलेल्या पैशाचा फराळाला उपयोग होत नाही. पाकिटात, दोन्ही हातांनी, दारात बोलावून उभं न करता बसायला सांगून. वापरलेल्या साड्या पोस्त म्हणून देऊ नयेत.

आणि चौथं, जे तुम्ही म्हणालात ते. सोसायटीच्या वार्षिक सभेत एक प्रश्न विचारायचा: एजन्सीला आपण महिन्याला जे देतो त्यातलं कामगाराच्या खात्यात किती जातं, कितव्या तारखेला जातं, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, आठवड्याची सुट्टी मिळते का? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यायचं. फुलांच्या गुच्छापेक्षा या चार ओळींचा मान मोठा आहे.

कोपरीकर

हे पटलं. इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा मुद्दा आमच्या सभेत मांडणार.

वाघबीळ

मुलांबद्दल लिहिते. वाढदिवसाला भेट मिळाली की "थँक्यू म्हण" असं आपण मागून ढोसतो. मूल म्हणतं आणि पळतं. शिष्टाचार म्हणून ते ठीक आहे, पण त्यातून जाणीव तयार होत नाही. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना शाळेत दुसऱ्याचा हेतू, त्याला पडलेले कष्ट आणि आपल्याला झालेला फायदा यांचा विचार करायला शिकवलं तर त्यांची कृतज्ञता वाढते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. म्हणजे वर तलावपाळी यांनी लिहिलेली तीच तीन अंगं.

घरी चार प्रश्न पुरतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. तुला काय मिळालं? त्यांनी हेच का निवडलं असेल, त्यासाठी त्यांना काय-काय करावं लागलं असेल? तेव्हा मनात कसं वाटलं? आता तुला काही करावंसं वाटतंय का? शेवटच्या प्रश्नाला "नाही" हे उत्तर आलं तर ते मान्य करायचं. तिथे आग्रह झाला की आधीच्या तिन्ही प्रश्नांवर पाणी पडतं.

हे देणाऱ्यासमोर विचारू नये, मूल अवघडतं. परतीच्या रिक्षात, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना, एका वेळी एकाच गोष्टीबद्दल. पाच वर्षांखालच्यांना फक्त पहिला प्रश्न. तेरा-चौदाच्या पुढच्यांना प्रश्न विचारूच नयेत, त्यांना तो तपास वाटतो; त्यांच्या कानावर पडेल असं आपणच मोठ्याने बोलायचं: "आज आजोबांनी उन्हातून जाऊन प्रिंट काढून आणले, नाहीतर तुझा प्रोजेक्ट राहिला असता." त्यापुढे एक शब्दही नको. "आणि तुला त्याचं काही आहे का?" हे वाक्य जोडलं की संपलं.

शाईपेन

वहीबरोबर एक पत्र लिहावं, वर्षातून दोन तरी. सेलिग्मन यांच्या २००५ च्या त्याच अभ्यासात, ज्यांचे आभार कधी नीट मानलेच गेले नाहीत अशा व्यक्तीला पत्र लिहून ते स्वतः जाऊन द्यायचं, असा एक भाग होता. सगळ्या व्यायामांत लगेचचा परिणाम याचाच मोठा होता, पण तो महिनाभरच टिकला. म्हणून एकदाच लिहून थांबू नये.

माणूस निवडताना आई-वडिलांपासून सुरुवात नको, तिथे शब्द फार मोठे होतात. शाळेतल्या बाई, पहिल्या नोकरीतले वरिष्ठ, अडचणीत हमी राहिलेले शेजारी, बाळंतपणात रात्री थांबलेल्या सिस्टर असं कोणी घ्या. साधारण तीनशे शब्द, एक पान, हाताने. मायना साधा ठेवा, "तीर्थरूप"च्या पुढे अडकून पडू नका. पहिल्या दोन ओळींत आपण कोण, कुठल्या वर्षीचे, हे सांगा, कारण त्यांना आठवेलच असं नाही. मग एकच प्रसंग, त्यातला तपशील. मग त्या प्रसंगामुळे पुढे काय झालं ते. हा भाग त्यांना अजिबात ठाऊक नसतो, म्हणून पत्रातला सगळ्यात मोलाचा. शेवटी आज आपण काय करतो ते दोन ओळींत. "तुमच्यासारखं दुसरं कोणी नाही" छापाची विशेषणं गाळा, आणि पत्रात कुठलंही काम सांगू नका.

फोन करून वेळ घ्या, कारण सांगू नका, "भेटायला यायचंय" एवढंच. समोर बसून वाचून दाखवा. आवाज कापला तर थांबा, पाणी प्या, पुढे वाचा. मूळ प्रत त्यांच्याकडे ठेवून या.

बहुतेक पत्रं खणातच राहतात, कारण "त्यांना विचित्र वाटेल" अशी धास्ती. कुमार आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना कितीतरी जास्त आनंद झाला, आणि अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी निघालं. लिहिणारा शब्द बरोबर आहेत का या काळजीत असतो, वाचणाऱ्यापर्यंत माया पोचते.

व्यक्ती हयात नसेल तर पत्र त्यांच्या मुलांना द्या. पितृपक्षात नेलं तर त्या घरात त्याचं वेगळंच मोल होतं.

ऐरोलीकर

ऑफिससाठी याचं छोटं रूप? महापेच्या ऑफिसात तीनशे शब्दांचं पत्र वाचून दाखवता येणार नाही.

शाईपेन

चार ओळींचा ईमेल पुरे. काय केलं, कधी केलं, त्यामुळे काय टळलं. "शुक्रवारी रात्री नऊला तुम्ही तो अहवाल पुन्हा तपासलात, तिसऱ्या पानावरची बेरीज चुकलेली सापडली, सोमवारी क्लायंटसमोर नामुष्की झाली असती." प्रत त्यांच्या वरिष्ठांना. चोवीस तासांच्या आत. ग्रँट आणि जिनो यांच्या २०१० च्या प्रयोगात, मदत करणाऱ्याला नुसती पोच मिळाली तेव्हा ३२ टक्के लोक पुन्हा मदतीला तयार झाले. आभाराचे शब्द जोडल्यावर ६६ टक्के. कारण माणसाला आपल्या कामाची किंमत आहे असं वाटतं. त्याच ईमेलमध्ये पुढचं काम मात्र टाकू नये, सगळं ओरबाडल्यासारखं होतं.

खाडीपूल

ज्यांचं मन खूप खचलंय, त्यांना हे सांगावं का? काही घरांत "वही लिही, बरं वाटेल" असं सांगितलं जातं म्हणून विचारतेय.

तलावपाळी (धागाकर्ता)

महत्त्वाचा प्रश्न. क्रेग आणि चीव्हन्स यांनी २०२१ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून पाहिलं. नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर अशा व्यायामांचा परिणाम छोटा निघाला. म्हणजे वही हा उपचार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलं असेल, कशातच मन रमत नसेल तर डॉक्टर गाठावा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. अशा माणसाच्या हातात वही देऊन "तुझ्याकडे एवढं सगळं आहे" असं म्हणणं क्रूर ठरतं. त्याला आधीच अपराधी वाटत असतं, त्यात भर पडते. त्यांच्याजवळ बसावं, डब्यात दोन घास न्यावेत, दवाखान्यात सोबत जावं. वही त्या माणसाने आपण होऊन मागितली तरच.

आणि ज्याच्यावर अन्याय चालू आहे त्यानेही अन्याय करणाऱ्याबद्दल चांगलं शोधत बसू नये. त्या नात्याचं पान कोरं ठेवायची मुभा आहे.

पारसिक

ओझ्याबद्दल थोडं. कोणी फार केलं की आपल्याला कृतज्ञतेऐवजी दबून गेल्यासारखं होतं, त्यांना टाळावंसं वाटतं. ते उपकाराचं ओझं, त्याची जात वेगळी. ते हलकं करायचा आपल्याकडचा मार्ग म्हणजे उतराई दुसरीकडे होणं. ज्यांनी आपली फी भरली त्यांना पैसे परत घ्यायचे नसतील तर एका मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचलायचा आणि त्यांना ते एकदाच कळवायचं. ऋण फिटलं असं कोणी म्हणत नाही, पण त्यांच्या डोळ्याला डोळा देता येतो.

वाघबीळ

एक शेवटची शंका. घरात ज्येष्ठ आहेत, मोतीबिंदूमुळे लिहिता-वाचता येत नाही, पण हे करायची फार इच्छा आहे. त्यांच्यासाठी काय?

पारसिक

त्यांच्यासाठी तोंडी करा. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला की शुभंकरोती झाल्यावर एक नाव आणि एक काम मोठ्याने म्हणायचं. "आज वरच्या मजल्यावरच्या मुलाने जिन्यात हात धरला." मागणं वेगळं, हे वेगळं, दोन्ही एकत्र करू नये, आधी हे, मग मागणं. एकच वाक्य असल्यामुळे रोज केलं तरी जड होत नाही. फक्त लागोपाठ दोन दिवस तेच नाव घ्यायचं नाही. घरातलं कोणी जवळ असेल तर ते नाव दिनदर्शिकेच्या चौकटीत टाकून ठेवावं.

मोजदादीसाठी निरांजनाशेजारी वाटीत सात चिंचोके ठेवा. नाव घेतलं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. बोटांना चाचपून कळतं, डोळ्यांची गरज नाही. शनिवारी दोन-तीन उरले असतील तर ते पुढच्या आठवड्यात धरायचे नाहीत, रविवारी पुन्हा सातापासून सुरुवात.